उजव्या बाजूचा बैल

काकासाहेब गेले त्याला तीन महिने होत आले, तरी जयवंताबाईचा त्यांच्यावरचा राग काही उतरला नव्हता. लोकांना वाटायचं, बाई दुःखानं गप्प झाली. दुःख होतंच. सत्तावीस वर्षांचा संसार काही दगडाशी केला नव्हता. पण गोठ्यात बादलच्या पुढ्यात कडबा टाकताना ती मनातल्या मनात नवऱ्याशी कडाकडा भांडायची. दोनशे बारा मतांनी पंचायत समिती जिंकलात, त्या रखमाजीला चारी मुंड्या चीत केलंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका फोटोपायी जीव घालवून बसलात. हे काय शहाण्या माणसाचं मरण झालं?

ती सकाळ तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. सत्त्याण्णव सालचा मार्च महिना. दारात जीप उभी असताना राजूरच्या गणपतीला नवस फेडायला काकासाहेब निघाले ते बैलगाडीतून. जीप काय, सगळ्याच पुढाऱ्यांकडे असते. बादलसारखा बैल पंचक्रोशीत एकाकडेच होता. पांढराशुभ्र, शिंगं कमानीसारखी, चालायला लागला की बाया दारात यायच्या. त्याचा जोडीदार कबऱ्या दिसायला साधा, पण कामाला त्याच्यापेक्षा काकणभर सरसच. बादल उजवीकडे, कबऱ्या डावीकडे, अशी ती जोडी सात वर्षं एकत्र चालली होती. नांगर असो, वखर असो, गाडी असो, बाजू कधी बदलली नाही. ती बदलायची नसते. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही.

घोळ झाला तो जालन्याहून आणलेल्या फोटोवाल्यामुळे. तो सोसायटीच्या ओट्यावर जाऊन उभा राहिला. ओटा पडतो रस्त्याच्या डाव्या हाताला. तिथून पाहिलं तर पुढे दिसणार कबऱ्या आणि त्याच्या आड बादल. काकासाहेबांनी अंगणातूनच अंदाज घेतला आणि त्रिंबकला हुकूम सोडला, "बादलला डावीकडं घे."

त्रिंबक त्यांच्याकडे अकरा वर्षं सालानं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर, होता. दोन्ही बैल त्यानंच शिकवलेले. तो हात जोडून म्हणाला, "मालक, तेवढं नका करू. सात साल झाले, त्याहिला उलटं माहीतच न्हाई. त्यात ढोल वाजून राह्यले, फटाके फुटून राह्यले. पुढं पूल हाय."

"तू मला बैल शिकवून राह्यला का रे?" काकासाहेब सगळ्यांदेखत ओरडले. "निवडून मी आलो का तू?"

लोक हसले. त्रिंबकनं मान खाली घालून बैल बदलून जुंपले, आणि बादलची वेसण धरून पुढे पायी चालायला लागला, म्हणजे निदान पुलापर्यंत तरी सांभाळता येईल. गाडी ओट्यासमोर आली तेव्हा काकासाहेबांनी कासरा स्वतःच्या हातात घेतला, गाडीत उभे राहिले आणि खेकसले, "सोड ती वेसण! बाजूला हो, फोटोत येऊन राह्यला तू!"

त्रिंबक बाजूला झाला. फोटो निघाला. ओट्यापासून पन्नास पावलांवर ओढ्याचा पूल, कठडे नसलेला. काकासाहेबांच्याच माणसांनी तिथे फटाक्यांची लड लावली. बादल बिचकला आणि आपल्या जुन्या जागेकडे, उजवीकडे रेटायला लागला. कबऱ्या त्याच्या जागेकडे, डावीकडे. दोघं एकमेकांच्या अंगावर चढले, गाडी वाकडी झाली, उजवं चाक पुलावरून सुटलं. जू मोडल्यामुळे बैल वाचले. गाडीखाली सापडलेला माणूस वाचला नाही.

जयवंताबाई दारात आरतीचं ताट घेऊन उभी होती. त्रिंबकचं बोलणं तिनं ऐकलं होतं, शब्द न् शब्द. आपण दोन पावलं पुढे जाऊन म्हणावं, अहो, ऐका त्याचं, असं तिच्या ओठांवर आलंही होतं. पण चारचौघांत नवऱ्याला अडवायची तिला सवय नव्हती. तीही गप्प बसली. रागावलेली होती ती खरं तर दोघांवर, नवऱ्यावर आणि स्वतःवर, पण मेलेल्या माणसावर रागावणं सोपं असतं.

इथपर्यंत जे झालं ते झालं. पुढे जे सुरू झालं ते भुजंगचं. भुजंग म्हणजे तिचा धाकटा दीर. वीस वर्षं जालन्यात बियाणांच्या दुकानात बसून त्याच्या हाताला मातीचा डागही राहिला नव्हता. भाऊ गेल्याच्या दहाव्या दिवशी हा बॅगा घेऊन गावात मुक्कामाला आला आणि सफारी घालून ओट्यावर बसायला लागला. पोटनिवडणूक लागणार होती. आयत्या बिळात नागोबा म्हणतात ते जयवंताबाईनं आजवर ऐकलं होतं, आता रोज चहा करून पाजत होती.

पण नुसती भावाची जागा मागून मतं मिळत नाहीत, हे भुजंगला कळत होतं. त्यानं गावभर पसरवलं की दादाचा अपघात झालाच नाही, घातपात झाला. रखमाजीनं त्रिंबकला फितवलं आणि त्रिंबकनं बैलाला जुवात अडकवणारी खिट्टी मुद्दाम ढिली ठेवली. ज्यांनी त्या सकाळी बैल उलटे जुंपलेले पाहिले होते, त्यांनी तोंडात गुळणी धरली. उद्या निवडून येणाऱ्याशी वाकडं कोण घेणार? त्रिंबक सांगत फिरला, पण सालगड्याचं कोण ऐकतं. आपल्या अंगावरचं झटकून राह्यला, म्हणाले. पाडव्याला त्याचं साल संपलं. भुजंगनं त्याला दारात उभं केलं नाही आणि गावातल्या दुसऱ्या कुणीही त्याला सालानं धरलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती आणि सगळं गाव सुळीचं लाकूड धरून उभं होतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात त्रिंबकची बायको सगुणाबाई मागच्या दारानं आली. जयवंताबाईनं पाट पुढे सरकवला. ती बसली नाही.

"बसायला न्हाई आले, मालकीणबाई. एकच इचारते. तुमी तिथंच उभ्या होत्या ना, ताट घेऊन?"

"व्हते."

"मंग तुमाला ऐकू आलं न्हाई का आमचं माणूस काय म्हन्लं ते?"

जयवंताबाईनं पाट उचलून पुन्हा भिंतीशी लावला.

"आता ठाण्याचा जमादार घेऊन जाणार म्हनं त्याहिला. तुमच्या सहीचा जबाब होऊन राह्यला, समदं गाव बोलून राह्यलं. अकरा साल तुमच्या बैलायच्या पायाखाली झोपला तो माणूस. कबऱ्याला खुरकूत झाल्ती तवा घरी यायचा न्हाई. अन् तुमी त्याला खुनी करता?" सगुणाबाईचा आवाज चढला होता आणि तिनं तो खाली आणायची तसदी घेतली नाही. "मालक तर अडाणीपणानं मेले. तुमी तर जित्या हाय ना?"

दुसऱ्या कुणी नवऱ्याला अडाणी म्हटलं असतं तर जयवंताबाईनं उलथनं फेकून मारलं असतं. पण हेच वाक्य ती स्वतः तीन महिने गोठ्यात बोलत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी अजून सही केली न्हाई," ती म्हणाली.

"करणार न्हाई असं बी म्हन्ल्या न्हाईत," सगुणाबाई म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी भुजंग जालना आणि भोकरदन करून दोन वस्तू घेऊन आला. एक होता टाईप केलेला जबाब. मी अमुक अमुक, मयताची पत्नी, समक्ष हजर असून लिहून देते की सालगडी त्रिंबक यानं जुंपताना खिट्टी मुद्दाम ढिली ठेवल्याचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दुसरी वस्तू कागदात गुंडाळलेली, दोघांनी उचलावी एवढी मोठी. भुजंगनं ती भिंतीला टेकवून उभी केली आणि कागद फाडला.

"बघा वहिनी. त्या सकाळचा शेवटचा फोटो. जालन्याच्या स्टुडिओतून मोठा करून आणला. येत्या सोमवारी शोकसभा ठेवली, पंचायतीच्या हॉलात हाच लावायचा. दादा कसा राजावाणी दिसून राह्यला, बघा तरी."

जयवंताबाईनं पाहिलं. काकासाहेब गाडीत उभे, फेटा, गुलाल, कासरा एका मुठीत. पुढे बादल, कमानदार शिंगांचा. त्याच्या आड कबऱ्या. गाडीच्या बाजूला बांधलेल्या फडक्यावर ठळक अक्षरांत 'काकासाहेब विजयी'. वेसण धरलेला हात फोटोत कुठेच नव्हता.

तिनं एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा दिराकडे. तो हसत होता. त्याला दिसतच नव्हतं! तीन महिने ज्या गोष्टीवर गावानं माती टाकली ती या शहाण्यानं स्वतःच्या हातानं मोठी करून, काच बसवून, सोनेरी चौकट लावून आणली होती. दुकानात बियाणं विकणारा तो; बैल त्याला दोन शिंगं आणि चार पाय एवढाच माहीत.

"हाच लावायचा?" तिनं विचारलं.

"हाच. काऊन?"

"न्हाई, बराबर हाय. हाच लावा." तिनं जबाबाचा कागद घडी करून कमरेला खोचला. "सही मी सभेतच करीन. समद्यायच्या समोर. जमादारालाबी बोलवा."

भुजंग खूश झाला. वहिनीला एकदाची अक्कल आली, असं त्याला वाटलं. त्याच संध्याकाळी जयवंताबाई आपल्या पायानं त्रिंबकच्या घरी गेली. लग्नानंतर पहिल्यांदाच. त्रिंबक ओट्यावर दोर वळत होता. त्यानं मान वर केली नाही. तिनं सगुणाबाईला सांगितलं, सोमवारी बादल-कबऱ्याला गाडीला जुंपून पंचायतीसमोर आणायला सांग, कसे जुंपायचे ते तिथं सांगीन.

"अन् तिथंच धरून दिलं त्याहिला तर?"

"तर मला शिव्या द्यायला ये. तवा मी पाट बी पुढं करणार न्हाई."

सोमवारी ओढ्यापलीकडच्या पंचायतीचा हॉल भरून लोक बाहेर मंडपात बसले होते. रखमाजीही आला होता, कडेला, टोपी गुडघ्यावर ठेवून. हरलेल्या माणसानं शोकसभेला यावं लागतं. भाषणं सुरू झाली. मेलेल्या म्हशीला मणभर दूध असतं. काकासाहेबांनी न बांधलेली शाळा, न आणलेला दवाखाना, सगळं त्या दिवशी त्यांच्या नावावर चढलं. मग शाळेचे शिवाजी गुरुजी उठले. गुरुजींचं वाचन दांडगं, आणि कुठे थांबावं ते त्यांना कळायचं नाही.

"बंधूंनो, पुढाऱ्यानं गाडीखाली जावं हे आजचं न्हाई," गुरुजी म्हणाले. "अमेरिका देश नवा नवा होता तेव्हा तिथले कितीतरी पुढारी घोडागाडीच्या अपघातात गेलेले आहेत. कुणाचे घोडे उधळले, कुणाची गाडी उलटली. पार मोठमोठी माणसं! आपले काकासाहेब त्याच थोर मालिकेत जाऊन बसले."

पुढे बसलेल्या जयवंताबाईनं मान वर केली. "गुरुजी, एक इचारू का?"

शोकसभेत विधवा प्रश्न विचारते हे गावानं कधी पाहिलं नव्हतं. गुरुजी गडबडले. "विचारा ना, काकू."

"त्या गाड्या उलटल्या तवा तिथं कोणाला धरलं? घोड्याला, हाकणाऱ्याला, का बसणाऱ्याला?"

गुरुजींनी चष्मा काढला. "पुस्तकात तेवढं दिलेलं न्हाई."

"न्हाईच देणार," जयवंताबाई म्हणाली. "होऊ द्या तुमचं."

भुजंगला हे काही रुचलं नाही. त्यानं घाईघाईनं तसबिरीवरचा पडदा ओढला. टाळ्यांसाठी त्यानं चार माणसं ठेवली होती, त्यांनी वाजवल्या. दीडशे शेतकरी त्या फोटोकडे पाहत होते, आणि दीडशेपैकी एकाचीही नजर काकासाहेबांवर नव्हती. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आरं, बादल डावीकडं?" मग ते एकाचं दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. ज्यांनी तोंडात गुळणी धरली होती त्यांना आता ती गिळावी लागली.

"काय कुजबूज हाय?" भुजंग म्हणाला.

रखमाजी जागेवरून न उठता बोलला, "भुजंगराव, तुमच्या बैलाची बाजू चुकून राह्यली."

"चुकली-बिकली काही न्हाई. तुम्ही तर बोलूच नका!" भुजंगच्या कपाळाला घाम आला. त्यानं फोटोकडे वळून पाहिलं, आणि दुकानदाराचं डोकं ते, लगेच चाललं. "स्टुडिओवाल्यानं फोटो उलटा छापला असंल. होतं कधी कधी."

जयवंताबाई उठून तसबिरीजवळ गेली. "भावजी, फडक्यावर काय लिहिलं, वाचा."

भुजंगनं रुमाल काढून कपाळ पुसलं.

"गुरुजी, तुमी वाचा."

"काकासाहेब विजयी," गुरुजींनी वाचलं.

"उलटा छापला असता तर अक्षरं बी उलटी दिसली असती का न्हाई?"

हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिसरी शिकलेल्या पोरालाही कळेल एवढं ते सोपं होतं. हॉलमध्ये खसखस पिकली. भुजंगचा तोल गेला आणि तो जे बोलू नये तेच बोलला. "मंग काय झालं? बैल इकडं जुंपला काय अन् तिकडं जुंपला काय, बैलच ना? त्यानं काय माणूस मरतो?"

त्या वाक्यानंतर कुणी हसलं नाही. असं बोलणारा माणूस त्यांच्याकडे मतं मागणार होता.

"या मंग बाहेर," जयवंताबाई म्हणाली.

बाहेर गाडी उभी होती. नवं जू, तीच गाडी. त्रिंबक बैलांच्या तोंडाशी, कुणाकडेही न पाहता; सगुणाबाई थोडी मागे. जयवंताबाई म्हणाली, "त्रिंबक, त्या दिवशी मालकानं सांगितलं तसे जुंप." त्यानं बैल सोडले, बादल डावीकडे घेतला, कबऱ्या उजवीकडे. खिट्ट्या पक्क्या ठोकल्या आणि एकेक हलवून जमादाराला दाखवल्या. मग लांब जाऊन उभा राहिला. बैलांना अजून हाकललंही नव्हतं, तरी बादल आतल्या अंगानं रेटायला लागला होता आणि जू करकरत होतं.

"बसा, भावजी."

"वहिनी, येड लागलं का तुमाला?"

"बैलच ना? बसा. कासरा हातात घ्या अन् पुलापर्यंत जाऊन या. ढोल न्हाई, फटाके न्हाई. गेलात अन् आलात तर मी इथंच सही करते." तिनं कमरेचा कागद काढून वर धरला. "जमादार साक्षीला हाय."

भुजंगनं आजूबाजूला पाहिलं. त्याच्या चार टाळीवाल्यांपैकी कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. त्यानं सफारीची बाही सारखी केली, कासरा धरला आणि एक पाय चाकावर ठेवला. वजन पडताच बादलनं खांदा मारला, कबऱ्यानं उलटा मारला, गाडी जागच्या जागी हातभर वाकडी झाली. भुजंगनं पाय असा काढून घेतला की चप्पल तिथंच राहिली. कासरा मातीत पडला.

तो पुन्हा चढला नाही. नुसता उभा राहिला, एका पायात चप्पल घालून. पुढे सगळी पोटनिवडणूक गावाला तेवढंच आठवत राहिलं.

जयवंताबाईनं कागद फाडला. "जमादार, दुसरा लिहा. मी सांगते तसा. माझ्या मालकानं फोटोसाठी बैल बदलायला लावले. त्रिंबकनं हात जोडून नको म्हन्लं. वेसण त्यानं सोडली न्हाई, मालकानं सोडायला लावली. अन् हे बी लिहा, की मी दारात उभी व्हते, मी समदं ऐकलं अन् तोंड उघडलं न्हाई. तवा बी न्हाई अन् तीन महिने बी न्हाई." एवढं बोलताना तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. जमादारानं लिहून पुढे केलेल्या कागदावर तिनं सही केली.

लोक हळूहळू पांगले. जे तीन महिने त्रिंबकला ओळख देत नव्हते ते आता त्याच्या खांद्यावर हात ठेवून जात होते. रखमाजी तर म्हणाला, ये रे उद्या वाड्यावर, सालाचं बोलू. त्रिंबकनं खांद्यावरचा हात बाजूला केला. तो बैलांशी गेला, जोडी पुन्हा बदलली. बादल उजवीकडे, कबऱ्या डावीकडे. बादलनं सुस्कारा टाकला आणि मान खाली केली, जू सरळ झालं.

जयवंताबाई जवळ आली. "त्रिंबक, उद्यापासून ये. जसं व्हतं तसं."

त्रिंबकनं तिच्याकडे पाहिलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. त्याच्या नजरेत उपकाराची भावना नव्हती आणि माफीही नव्हती.

"मालक त्या दिवशी चुकले, मालकीणबाई. त्याहिला कळलं न्हाई," तो म्हणाला. "तुमाला कळत व्हतं."

त्यानं कबऱ्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मातीतला कासरा उचलला, झटकला आणि तिच्या हातात दिला.

"बादल उजवीकडं," तो म्हणाला. "दुसरा सालगडी ठेवसाल तवा सांगा त्याला."

आणि तो सगुणाबाईच्या मागोमाग निघून गेला. जयवंताबाईनं आयुष्यात कधी गाडी हाकली नव्हती. ती चढली, कासरा दोन्ही हातांत घट्ट धरला. बैल आपल्या चालीनं चालायला लागले, पुलावरून सरळ गेले, आणि घरापर्यंत तिला काहीच करावं लागलं नाही.